बेंबीखालचा कॅन्सर : युरेकल कॅन्सरबद्दल आम्हाला सतत विचारले जाणारे प्रश्न

माझ्या दादाला, म्हणजे सख्ख्या थोरल्या भावाला, ५१व्या वर्षी युरेकल कॅन्सर निघाला. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे. तेव्हापासून नातेवाईक, त्याच्या ऑफिसातले, वॉर्डात भेटलेली माणसं, त्यांच्या ओळखीतले असे कितीतरी जण तेच तेच प्रश्न विचारतात, आणि मराठीत यावर वाचायला काही सापडत नाही म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. पण रिपोर्ट वाचून, डॉक्टरांना विचारून विचारून जे नीट कळलं तेवढंच इथे आहे. तुमच्या पेशंटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

हा नेमका कुठला कॅन्सर? लघवीच्या पिशवीचा की बेंबीचा?

दोन्हीच्या मधला म्हणा. बाळ पोटात असताना त्याच्या लघवीच्या पिशवीच्या वरच्या टोकापासून बेंबीपर्यंत एक बारीक नळी असते, तिला युरेकस म्हणतात. जन्माच्या आधीच ती बंद होते आणि आयुष्यभर एक दोरीसारखा धागा म्हणून पोटाच्या भिंतीच्या आतल्या बाजूला पडून राहते. तिचं काही काम नसतं. पण पुष्कळ लोकांत, साधारण तिघांतल्या एकात, ती पूर्ण बंद झालेली नसते, आत कुठेतरी बारीकशी पोकळी, थोड्या पेशी राहिलेल्या असतात. बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. अगदी थोड्या लोकांत त्या उरलेल्या पेशींत कॅन्सर सुरू होतो, आणि तो बहुतेक वेळा धाग्याच्या खालच्या टोकाला, जिथे तो पिशवीच्या छताला चिकटतो तिथे वाढतो. म्हणून तो दुर्बिणीत पिशवीत दिसतो आणि सगळे त्याला पिशवीचा कॅन्सर म्हणतात.

हा एक मुद्दा डोक्यात पक्का बसवा, कारण पुढची सगळी उत्तरं इथूनच निघतात : गाठ पिशवीत दिसते पण तिचं मूळ पिशवीत नाही, वरच्या धाग्यात आहे.

किती दुर्मिळ आहे?

पिशवीच्या सगळ्या कॅन्सरमध्ये १ टक्क्याहून कमी. पिशवीचे १०० पेशंट घेतले तर त्यातल्या ९०च्या आसपास लोकांना नेहमीचा, म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तराचा, युरोथेलियल कॅन्सर असतो. युरेकलमध्ये दहातल्या नऊ जणांना अ‍ॅडेनोकार्सिनोमा असतो, म्हणजे चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथींसारख्या पेशींचा कॅन्सर, जो मायक्रोस्कोपखाली आतड्याच्या कॅन्सरसारखा दिसतो. एखाद्या चांगल्या युरोलॉजिस्टनेसुद्धा आख्ख्या करिअरमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पाहिलेले असू शकतात, त्यात त्यांचा काही दोष नाही. पण म्हणूनच विचारायला लाजू नका, "डॉक्टर, तुम्ही असे पेशंट आधी बघितलेत का?" आमच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की थोडेच बघितलेत, आणि मुंबईला पण विचारून घेऊया. मला तर उलट त्या उत्तराने धीर आला.

दादाला आधी काय झालं होतं? लक्षणं काय असतात?

लघवीतून रक्त. दुखत नव्हतं, जळजळ नाही, ताप नाही. एकदा लाल झाली आणि मग दहा-बारा दिवस एकदम स्वच्छ. मे महिना होता, सगळ्यांनी ठरवून टाकलं की उष्णता झालीय, आईने धण्याचं पाणी दिलं, शेजारच्यांनी कोकम सरबत सांगितलं, आणि लघवी साफ झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं की लागू पडलं. लागू काही पडलं नव्हतं, हे रक्त आपोआप थांबतं आणि परत येतं, ही त्याची रीतच आहे. परत आलं तेव्हा एका खासगी दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून गोळ्या, महिन्याने पुन्हा तसंच, पुन्हा गोळ्या, तिसऱ्यांदा दुसरं अँटिबायोटिक. युरीन कल्चर, म्हणजे लघवीत खरंच जंतू आहेत का ते बघायची तपासणी, केलंच नव्हतं. साडेतीन महिने असे गेले आणि त्याचा राग मला अजून येतो, मी तो लपवत नाही.

दुसरं एक लक्षण आहे जे फार कमी लोकांना माहीत असतं आणि जे या कॅन्सरकडे जास्त बोट दाखवतं : लघवीतून चिकट, शेंबडासारखा पदार्थ पडणं. सगळ्यांना होत नाही, थोड्याच जणांना होतं. दादाला होत होतं, पण त्याने कोणाला सांगितलंच नाही, लाज वाटली म्हणे. पुरुषमाणसं हे असलं बोलत नाहीत आणि बायका पाळी किंवा पांढरं जाणं समजून सोडून देतात. बाकी मग बेंबीतून पाणी किंवा रक्त येणं, बेंबीखाली मधोमध गाठ हाताला लागणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं. धागा पिशवीच्या बाहेर असल्यामुळे गाठ बराच काळ गुपचूप वाढू शकते आणि पिशवीत शिरल्यावरच रक्त दिसतं, म्हणून उशीर होतो.

लघवीत रक्त म्हणजे कॅन्सरच का?

नाही हो. मूतखडा, इन्फेक्शन, प्रोस्टेट, कितीतरी कारणं असतात, आणि बीट खाल्लं तरी लघवी लालसर होते. पण चाळिशीनंतर न दुखता रक्त आलं, एकदाच आलं आणि थांबलं तरी, सोनोग्राफी आणि युरोलॉजिस्ट एवढं तरी कराच.

तंबाखू, दारू, पाणी कमी पिणं, यामुळे झालं का?

नेहमीच्या पिशवीच्या कॅन्सरचं तंबाखू हे सगळ्यात मोठं कारण आहे, सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांत तो कितीतरी जास्त होतो. युरेकलच्या बाबतीत मात्र तसं ठाम कारण सापडलेलं नाही. दादाने आयुष्यात विडी ओढली नाही. घरात येणारा प्रत्येक माणूस "पीत होता का?" असं वहिनीला विचारायचा, तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. कृपा करून पेशंटच्या घरी जाऊन हा प्रश्न विचारू नका. हा कॅन्सर साधारण चाळिशी ते साठीच्या दरम्यान, नेहमीच्यापेक्षा थोडा लवकर दिसतो, पुरुषांत थोडा जास्त.

जन्माच्या वेळी नाळ नीट कापली नाही म्हणून होतो का?

हा प्रश्न माझ्या आईचा. दादा घरीच झाला होता, सुईणीच्या हातचा, आणि बेंबीशी संबंध आहे म्हटल्यावर आईने ते डोक्यात घेतलं की त्या दिवशी काहीतरी चुकलं, आपलंच चुकलं. कितीतरी रात्री झोपली नाही.

उत्तर स्पष्ट आहे, नाही. बाहेर कापतात ती नाळ वेगळी आणि आतला हा धागा वेगळा. नाळ कुठून कापली, कशाने बांधली, बेंबी किती दिवसांनी गळली, बेंबीत तेल घातलं की नाही, कशाचाच याच्याशी संबंध नाही. शेवटी डॉक्टरांनी पेनाने कागदावर चित्र काढून आईला दाखवलं तेव्हा तिला पटलं. तो कागद तिने देवाजवळ ठेवलाय.

माझ्या मुलांना होईल का?

आईबापाकडून मुलांकडे येतो असं काही दिसलेलं नाही. दादाच्या मुलांना कसलीही तपासणी सांगितली नाही.

तपासण्या कुठल्या होतात?

सोनोग्राफीपासून सुरुवात. मग पोटाचा सीटी स्कॅन, काँट्रास्ट म्हणजे शिरेतून औषध देऊन, आणि त्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते बघायची रक्ततपासणी. सीटीत गाठ बेंबी आणि पिशवीच्या मधल्या रेषेवर, पिशवीच्या छतावर दिसते आणि निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये गाठीत चुन्यासारखे कण दिसतात, ते दिसले की रेडिओलॉजिस्टला शंका येते. त्यानंतर सिस्टोस्कोपी, म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून बघणं, आणि तिथूनच तुकडा घेतात. छातीचा सीटी पण करतात, कारण पसरला तर फुप्फुसं, लिव्हर, लिम्फ नोड (म्हणजे लसीका ग्रंथी), हाडं आणि पोटातलं आवरण इथे जातो. रक्तात सीईए, सीए १९-९ असे मार्कर बघतात, ते वाढलेले असतील तर पुढे उपचार लागू पडतोय का ते कळायला उपयोगी पडतात, पण नॉर्मल आले म्हणजे कॅन्सर नाही असं समजू नका.

पिशवीचा आजार आणि कोलोनोस्कोपी का सांगितली? डॉक्टर उगाच खर्च वाढवतायत का?

अजिबात नाही. मी वर म्हटलं ना की या पेशी आतड्याच्या कॅन्सरसारख्या दिसतात. तर आतड्यातला कॅन्सर पिशवीत घुसलेला नाही याची कोलोनोस्कोपीने, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून, खात्री करावीच लागते, कारण तसं असेल तर ऑपरेशनच वेगळं. बायकांमध्ये अंडाशयाचाही विचार करतात. उलट रिपोर्टमध्ये अ‍ॅडेनोकार्सिनोमा लिहिलंय आणि कोलोनोस्कोपी कोणी सांगितलीच नाही तर तुम्ही आपणहून विचारा.

बायॉप्सीच्या, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या, रिपोर्टमध्ये काय बघायचं?

दोन गोष्टी. एक, कुठला प्रकार, म्युसिनस, एन्टेरिक, सिग्नेट रिंग वगैरे. दुसरी, गाठ पिशवीच्या कुठल्या भागात आहे. छतावर किंवा पुढच्या भिंतीवर असेल आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा असेल तर "हा युरेकल असू शकतो का?" हा प्रश्न विचारलाच पाहिजे. तुकड्यावरून एकट्या पॅथॉलॉजिस्टला ते ठरवता येत नाही, स्कॅन, दुर्बीण आणि स्लाइड तिन्ही एकत्र बघावं लागतं.

आणि स्लाइड व ब्लॉक लॅबमधून मागून घ्या, ते तुमचे आहेत, दुसऱ्या हॉस्पिटलात परत तपासून घ्यायला लागतात. मेणाचे छोटे चौकोनी ब्लॉक असतात, गाडीत डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका.

रिपोर्टवर स्टेज थ्री-ए लिहिलंय. म्हणजे संपलं का?

थांबा, यावर जरा सविस्तर लिहिते कारण आमच्या घरात या दोन अक्षरांनी हाहाकार झाला. काका रडायला लागले, कोणीतरी म्हणालं की आता कशाला चिरफाड.

युरेकलची स्टेज मोजायची पद्धतच वेगळी आहे. जास्त वापरतात ती शेल्डन पद्धत, १९८४ची. त्यात गाठ फक्त धाग्यात असली तर १ किंवा २, आणि पिशवीत शिरली की लगेच ३ए. आता बहुतेकांना कळतंच मुळी गाठ पिशवीत शिरून रक्त आल्यावर, म्हणजे बहुतेक जण ३एलाच सापडतात. नेहमीच्या कॅन्सरमध्ये "थर्ड स्टेज" ऐकून आपल्याला जे वाटतं तसं इथे नाही. पोटाच्या भिंतीत गेला तर ३बी, पोटाच्या आतल्या आवरणात ३सी, दुसऱ्या अवयवात ३डी, लिम्फ नोडमध्ये ४ए आणि लांब पसरला तर ४बी. २००६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दुसरी सोपी पद्धत मांडली, त्यात धागा आणि पिशवी यांच्या आतच असलेली गाठ म्हणजे स्टेज १. म्हणजे तेव्हा दादाचीच गाठ एका पद्धतीत ३ए आणि दुसऱ्या पद्धतीत १! गाठ तीच, माणूस तोच. म्हणून डॉक्टरांना आकडा नुसता विचारू नका, विचारा की "पिशवीच्या स्नायूच्या बाहेर गेलाय का, लिम्फ नोडमध्ये आहे का, लांब कुठे आहे का." खरी माहिती या तीन उत्तरांत असते.

ऑपरेशनमध्ये बेंबी का काढतात?

कारण मूळ तिथपर्यंत जातं. पिशवीचं छत, तो धागा पूर्ण आणि बेंबी, हे सगळं एका सलग तुकड्यात, मध्ये कुठे न कापता काढायचं असतं, सोबत ओटीपोटातले लिम्फ नोडही बऱ्याचदा काढतात. धाग्याचा तुकडा मागे राहिला किंवा काढताना गाठ फुटून आतला चिकट पदार्थ पोटात सांडला तर परत येण्याची भीती वाढते. कडेला कॅन्सर शिल्लक नाही, म्हणजे मार्जिन निगेटिव्ह, हे पॅथॉलॉजी रिपोर्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य.

लोक कुठे फसतात ते सांगते. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि "निघाली" असं सांगितलं, तर नेहमीच्या पिशवीच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीच्या स्टेजला ते चालतं, पण युरेकलमध्ये खरवडणं म्हणजे फक्त तपासणीसाठी तुकडा घेतला एवढंच. मूळ वरच राहिलेलं असतं. एका बाईंच्या घरच्यांनी मला सांगितलं की आमचं ऑपरेशन झालं, आता काही नाही, आणि कागद बघितले तर नुसतं खरवडलेलं. पहिलं ऑपरेशन नीट होणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून घाई करून आठवड्यात उरकण्यापेक्षा दहा-पंधरा दिवस घेऊन दुसरं मत घ्या. पण महिनोन्‌महिने काढू नका.

पूर्ण पिशवी काढावी लागते का? बाहेर थैली लावावी लागते का?

बहुतेकांना नाही. गाठ छतावर असते त्यामुळे वरचा भाग कापून बाकीची पिशवी शिवता येते. मार्जिन स्वच्छ येत असेल तर पूर्ण पिशवी काढल्याने जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही. गाठ फार मोठी असली किंवा खालपर्यंत गेली असली तर वेगळा विचार करतात.

पिशवी लहान झाल्याने सुरुवातीला फार वेळा जावं लागतं. दादा रात्री सहा-सात वेळा उठायचा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, काही दिवस ते दोन-तीन आठवडे राहतो. काही महिन्यांत पिशवी ताणते आणि बरंच सुधारतं, आता तो फोंडा ते पणजी कदंबाच्या बसमधून न थांबता जातो.

बीसीजी देतात म्हणे पिशवीत, ती का नाही दिली?

बीसीजी ही टीबीची लस, पिशवीत सोडतात, नेहमीच्या कॅन्सरमध्ये वरच्या अस्तरापुरता असेल तेव्हा चांगली लागू पडते. युरेकलचं मूळ अस्तरात नाही त्यामुळे उपयोग नाही. रेडिएशनही मुख्य उपचार म्हणून सहसा देत नाहीत.

केमो लागते का? कुठली?

सगळ्यांना नाही. लिम्फ नोडमध्ये असेल, मार्जिन पॉझिटिव्ह असेल किंवा पसरला असेल तर विचार होतो. पिशवीच्या नेहमीच्या केमोपेक्षा आतड्याच्या कॅन्सरला देतात तशी, ५-एफयू सोबत ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा सिस्प्लॅटिन असलेली, जास्त उपयोगी वाटते. हे सगळं छोट्या छोट्या गटांच्या अनुभवावरून ठरलंय कारण पेशंटच इतके कमी की मोठे अभ्यास होत नाहीत. पसरलेल्या आजारात गाठीची जीन टेस्टही विचारून घ्या, काही जणांना त्यातून वेगळं औषध मिळू शकतं.

दादाच्या एका लिम्फ नोडमध्ये सापडल्यामुळे त्याचा ३एचा ४ए झाला आणि फॉलफॉक्स, म्हणजे ५-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन असलेली केमो, घ्यावी लागली. छातीत पोर्ट, म्हणजे औषध द्यायला कातडीखाली छोटी डबी, बसवला आणि ५-एफयूचा पंप ४६ तास लावून घरी पाठवायचे, दर पंधरा दिवसांनी. ऑक्सॅलिप्लॅटिनचा एक त्रास कोणी आधी नीट सांगत नाही, थंड सहन होत नाही. फ्रिजमधली सोलकढी घेतली तर घशात काटे टोचल्यासारखं होतं, बाजारात बर्फातले बांगडे हातात घेतले आणि बोटांना करंट लागल्यासारखं झालं. त्यामुळे पेज कोमट, पाणी साधं, आणि मासे आणायचं काम दुसऱ्या कोणाला तरी द्या. बोटांतल्या मुंग्या वाढत चालल्या, शर्टाची बटणं लावता येईनात, तर सहन करू नका, लगेच सांगा, डोस कमी करता येतो.

गोव्यात होतं की मुंबईला जावंच लागतं?

बांबोळीला जीएमसीत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, युरोलॉजी आहे, आमचा सीटी, बायॉप्सी सगळं गोव्यातच झालं. तरी इतक्या दुर्मिळ आजारात एकदा टाटा मेमोरियलचं मत घ्यावं असं माझं प्रामाणिक मत, परळला जाऊन किंवा त्यांच्याशी जोडलेल्या 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून. आम्ही ऑपरेशन मुंबईला केलं आणि केमो इथे घेतली, म्हणजे दर पंधरा दिवसांनी प्रवास नको. मडगावहून कोकणकन्या रात्रीची, सकाळी दादरला उतरलं की परळ जवळ. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडं माफ असतं आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यावा लागतो. आम्हाला हे तिसऱ्या फेरीला कळलं.

खर्चाचं काय?

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आधी चालू आहे का बघा, रिन्यू करायचं राहिलेलं असतं बऱ्याच घरांत. २०१६ला सुरू झालेली ही योजना, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर ४ लाखांपर्यंत. गोव्यात ५ वर्षं राहिलेलं असावं लागतं. कुठला उपचार कुठल्या पॅकेजमध्ये बसतो ते अ‍ॅडमिट होण्याआधी हॉस्पिटलच्या काउंटरवर विचारून घ्या, नंतर भांडून काही होत नाही. मुंबईच्या खर्चासाठी सरकारच्या मेडिक्लेमचं पण विचारा. आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या फोल्डरात, पावसाळ्यात तर नक्कीच.

माणूस किती जगतो?

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात, वहिनी बाहेर गेल्यावर. वेगवेगळ्या हॉस्पिटलांच्या नोंदी बघितल्या तर सगळ्या स्टेज मिळून ५ वर्षांनी साधारण निम्म्याच्या आसपास लोक असतात. पण तो आकडा सगळ्यांना एकत्र मोजून आलेला आहे. आतच असलेला आणि स्वच्छ मार्जिनने निघालेला असेल त्यांचं याहून बरंच चांगलं, पसरलेल्यांचं बरंच वाईट. तुमच्या माणसाचं विचारायचं तर त्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात घेऊन त्याच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि पेशंटला ऐकायचंय का हे आधी त्याला विचारा. दादाने सांगितलं, मला आकडा नको, पुढची तारीख सांगा फक्त. आम्ही ते पाळतो.

काढा, गोमूत्र, पथ्य, कोणीतरी सांगितलेला वैद्य?

ऑपरेशनच्या ऐवजी काहीही नाही. केमोच्या सोबत घ्यायचं असेल तर डॉक्टरांना दाखवून, कारण किडनी आणि लिव्हरवर आधीच ताण असतो. जेवणात भात, मासे, अंडी, भाजी, पचेल ते सगळं. कोणीतरी मासे बंद करायला सांगितले होते आणि गोंयकार माणसाचे मासे बंद केले तर तो जेवणार काय, दोन आठवड्यांत ३ किलो उतरला.

बेंबी नसलेलं पोट कसं दिसतं?

मधोमध सरळ उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. काही ठिकाणी प्लॅस्टिक सर्जन नवीन बेंबीसारखा खळगा करून देतात, हवा असेल तर आधी विचारा. दादाला नको होता. पहिले काही महिने तो आरशासमोर शर्ट काढत नव्हता, देवळात सोवळं नेसायची वेळ आली तेव्हा उपरणं घट्ट लपेटून बसला. मग चवथीला भाच्याने, वय वर्षं ५, सगळ्यांसमोर विचारलं, "मामा, तुझी बेंबी कुठे गेली?" आणि दादाने उपरणं बाजूला करून त्याला नीट दाखवलं, इथून इथपर्यंत कापलं, असं शिवलं, बोट लावून बघ. आता उघडाच वावरतो.

पुढे किती वर्षं तपासण्या?

परत आला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, म्हणून सुरुवातीला दर ३ ते ६ महिन्यांनी छाती-पोटाचा सीटी, मधूनमधून सिस्टोस्कोपी, मार्कर आधी वाढलेले असतील तर ते. नंतर अंतर वाढवतात पण ५ वर्षं तरी चालूच, पुढेही. स्कॅनच्या आधीचा आठवडा घरात सगळ्यांना जड जातो, कोणी मोठ्याने बोलत नाही. दादाचा पुढचा सीटी तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी आहे, मी रजा टाकलीय.